टक्का, फी आणि अपग्रेड : अमेरिकेतील कॅशबॅक कार्डांचा इतिहास

अमेरिकेत एकाच बँकेची दोन-तीन कॅशबॅक कार्डे बाजारात असतात आणि ग्राहक जुने कार्ड बंद न करता, नवा अर्ज न भरता, एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. खाते तेच राहते, उधारीची मर्यादा बहुधा तीच राहते, बदलतात ते परताव्याचे दर आणि वार्षिक फी. या सोयीला तिथे अपग्रेड म्हणतात आणि उलट्या दिशेच्या बदलाला डाउनग्रेड. ही बँकांनी दिलेली साधी सवलत वाटते. पण तिच्यामागे 1958 ची एक फसलेली मोहीम, 1970 चा एक कायदा आणि दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या पैशांचे जुने गणित आहे.

खरेदीचा काही भाग ग्राहकाला परत देण्याची कल्पना कार्डापेक्षा पुष्कळ जुनी. इंग्लंडमधील रॉचडेल येथे 1844 मध्ये विणकर आणि इतर कामगारांनी सहकारी दुकान काढले तेव्हा नफा भांडवलाच्या नव्हे, तर खरेदीच्या प्रमाणात सभासदांना वाटायचा, असा नियम त्यांनी केला. अमेरिकेत हीच कल्पना व्यापाऱ्यांच्या हातात गेली. थॉमस स्पेरी आणि शेली हचिन्सन यांनी 1896 मध्ये स्थापन केलेली स्पेरी अँड हचिन्सन कंपनी दुकानदारांना हिरवे स्टॅम्प विकत असे. दुकानदार दर दहा सेंटच्या खरेदीमागे एक स्टॅम्प देई. गृहिणी ते वहीत चिकटवत आणि 1,200 स्टॅम्पांची वही भरली की कंपनीच्या केंद्रावरून वस्तू घेत. एक वही भरायला 120 डॉलरची खरेदी लागे. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे स्टॅम्प अमेरिकी घरांत सर्रास दिसत. दुकानदाराला या योजनेचा खर्च विक्रीच्या सुमारे 2 टक्के येई, आणि तो अखेर मालाच्या किमतीतच मिसळलेला असे. 1970 च्या दशकात महागाई आणि तेलटंचाई आली, दुकानदारांनी स्टॅम्प सोडून थेट दर उतरवले आणि ही पद्धत मागे पडली. पण तो 2 टक्क्यांचा आकडा आणि कोणाच्या खिशातून कोणाला परतावा मिळतो हा प्रश्न, दोन्ही पुढे कार्डांच्या इतिहासात तसेच आले.

कार्डांची सुरुवात मात्र परताव्याने झाली नाही. 1950 च्या डायनर्स क्लब कार्डात उधारी महिनाअखेर पूर्ण फेडावी लागे आणि त्यासाठी सभासद वर्गणी भरत. हप्त्याहप्त्याने फेडता येणारी, कोणत्याही दुकानात चालणारी बँकेची उधारी मोठ्या प्रमाणावर आणली ती बँक ऑफ अमेरिकाने. सप्टेंबर 1958 मध्ये या बँकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे 60,000 कार्डे टपालाने पाठवली. कोणीही अर्ज केलेला नव्हता. लिफाफा उघडला की वापरायला तयार असे बँकअमेरिकार्ड हाती येई. ग्राहक असल्याशिवाय दुकानदार कार्ड स्वीकारणार नाहीत आणि दुकाने असल्याशिवाय ग्राहक कार्ड मागणार नाहीत, ही अडचण बँकेने अशी एका फटक्यात सोडवली. पण टपालातून कार्डे चोरीला गेली, खोट्या सह्या झाल्या, आणि थकबाकीचे प्रमाण अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, वीस टक्क्यांच्याही वर गेले. पहिल्या सव्वा वर्षात बँकेला लाखो डॉलरचा फटका बसला.

तरीही इतर बँकांनी तोच मार्ग धरला. 1966 मध्ये नाताळच्या हंगामाआधी शिकागोच्या बँकांनी लाखो कार्डे न मागता पाठवली. त्यात एकाच घरात अनेक कार्डे गेली, लहान मुलांच्या नावेही गेली. ज्यांनी कार्ड कधी पाहिलेही नाही त्यांच्यावर बिले निघू लागली, आणि अखेर काँग्रेसला हस्तक्षेप करावा लागला. 26 ऑक्टोबर 1970 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने न मागता क्रेडिट कार्ड पाठवण्यावर बंदी आली आणि चोरीच्या कार्डावरील गैरवापरासाठी ग्राहकाची जबाबदारी 50 डॉलरपुरती मर्यादित झाली.

अपग्रेडचे मूळ या बंदीच्या शब्दांत आहे. कार्ड फक्त मागणी किंवा अर्ज आल्यावरच द्यावे, असे कायदा सांगतो, पण त्याला एक अपवाद ठेवतो: ग्राहकाने आधी स्वीकारलेल्या कार्डाचे नूतनीकरण करताना किंवा त्याच्या बदली दुसरे कार्ड देताना नव्या अर्जाची गरज नाही. मुदत संपलेले कार्ड दरवेळी अर्ज मागवून बदलावे लागू नये, एवढाच साधा हेतू त्यामागे दिसतो. पण या अपवादामुळे बँकेला एका खात्यावरचे कार्ड काढून त्या जागी दुसऱ्या प्रकारचे कार्ड ठेवण्याची मोकळीक मिळाली. आजचा अपग्रेड कायद्याच्या दृष्टीने नवे कर्ज नाही, तर बदली कार्ड आहे.

त्याच 1970 च्या कायद्याच्या आणखी एका भागाने पतअहवाल देणाऱ्या संस्थांवर नियम घातले. पुढे 1989 मध्ये फायको कंपनीचा सर्वसाधारण पतगुणांक आला आणि प्रत्येक नव्या अर्जाला किंमत आली. नव्या कार्डासाठी अर्ज केला की बँक अहवाल तपासते, ती चौकशी अहवालावर दोन वर्षे राहते आणि गुणांक काही काळ थोडा घटतो. त्या गुणांकात फेडीच्या शिस्तीला सुमारे 35 टक्के वजन आहे, मर्यादेच्या तुलनेत किती उधारी वापरली याला 30 टक्के, खात्यांच्या वयाला 15 टक्के. अपग्रेडमध्ये बहुधा नवी चौकशी होत नाही आणि नवे खातेही उघडत नाही. अशा रीतीने एकाच कायद्याच्या दोन भागांनी, कोणी ठरवले नसताना, त्याच बँकेत राहून कार्ड बदलण्याला वेगळे महत्त्व दिले.

बदलण्यासारखी कार्डे यायला मात्र वेळ लागला. 1970 च्या दशकात महागाई चढत गेली, बँकांना पैसा महाग पडू लागला आणि राज्याराज्यांच्या व्याजमर्यादा आड येऊ लागल्या. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्क्वेट खटल्यात निर्णय दिला की राष्ट्रीय बँक ज्या राज्यात आहे तिथला व्याजदर ती इतर राज्यांतील ग्राहकांनाही लावू शकते. त्यानंतर सिटीबँकेने आपला कार्डव्यवसाय साउथ डकोटात नेला आणि डेलावेअरनेही 1981 मध्ये आपले कायदे सैल केले. दरम्यान 1980 मध्ये कार्टर सरकारने उधारीवर निर्बंध आणले, तेव्हा आजवर फुकट असलेल्या कार्डांवर बँकांनी वार्षिक फी बसवली. निर्बंध काही महिन्यांत उठले, फी राहिली.

या फीविरुद्धच्या नाराजीतून कॅशबॅक कार्ड जन्मले. सीअर्स ही तेव्हाची अवाढव्य किरकोळ विक्री कंपनी. तिने 1981 मध्ये डीन विटर ही दलाली पेढी घेतली होती आणि दुकानाच्या जोडीला घराघरातला आर्थिक व्यवहारही हाती घ्यायचा तिचा विचार होता. 1985 मध्ये अटलांटात चाचणी घेऊन 1986 च्या जानेवारीत, सुपर बोल सामन्यातील जाहिरातींसह, तिने डिस्कव्हर कार्ड देशभर आणले. वार्षिक फी नाही आणि वर्षभराच्या खरेदीवर 1 टक्क्यापर्यंत रोख परतावा. पूर्ण 1 टक्का पहिल्या डॉलरपासून मिळत नसे. खर्च वाढेल तसा दर पायरीपायरीने वाढे. ग्राहकाने सगळी खरेदी एकाच कार्डावर करावी यासाठी ती रचना होती. सीअर्सशी स्पर्धा असलेल्या अनेक दुकानांनी हे कार्ड घ्यायला नकार दिला आणि सुरुवातीची वर्षे तोट्यात गेली, पण दशक संपता संपता धंदा नफ्यात आला. 1993 मध्ये सीअर्सने तो वेगळा केला. अनेक मालक बदलून मे 2025 मध्ये डिस्कव्हर कॅपिटल वन बँकेकडे गेली.

डिस्कव्हरचे खरे महत्त्व परताव्याच्या रकमेत नाही. वर्षाला 3,000 डॉलर खर्च करणाऱ्याला तिच्याकडून मिळे ते तीस डॉलरहूनही कमी. पण विमानकंपनीचे मैल किंवा भेटवस्तूंचे कॅटलॉग यांच्याऐवजी साध्या पैशात परतावा मोजला की दोन कार्डांची तुलना कोणालाही करता येते, हे तिने दाखवून दिले. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये मैलांची योजना काढली होती आणि 1987 मध्ये सिटीबँकेने ती कार्डाला जोडली, पण एका मैलाची किंमत किती, हे ठरवणे कठीण होते. डॉलरची किंमत ठरवावी लागत नाही. 1990 मध्ये एटी अँड टी कंपनीने सुरुवातीच्या सभासदांना आजन्म फी नसलेले कार्ड दिले. 1992 मध्ये जनरल मोटर्सने नव्या मोटारीच्या किमतीत वळता होणारा 5 टक्के परतावा देऊ केला. त्याला वर्षाला 500 डॉलरची मर्यादा होती. टक्का मोठा ठेवायचा आणि त्यावर झाकण घालायचे, ही युक्ती पुढे प्रत्येक बँकेने उचलली.

एकाच बँकेच्या कार्डांची उतरंड याआधी होती, पण ती मानाची होती. अमेरिकन एक्स्प्रेसने 1966 मध्ये सोनेरी कार्ड काढले आणि 1984 मध्ये प्लॅटिनम. प्लॅटिनम सुरुवातीला निवडक ग्राहकांना निमंत्रणानेच मिळे आणि त्याची फी 250 डॉलर होती. कॅशबॅक कार्डांत वरची पायरी चढण्याचे कारण आकड्यांत सांगावे लागते. हे आकडे सर्वांत स्पष्टपणे दिसतात ते त्याच कंपनीच्या ब्लू कॅश कार्डांत.

ब्लू कॅश 2003 मध्ये आले. वर्षाचा खर्च 6,500 डॉलरवर जाईपर्यंत दर किरकोळ होता. त्यापुढे किराणा, पेट्रोल आणि औषधांच्या दुकानांतील खर्चावर 5 टक्के मिळत. जास्त खर्च करणाऱ्याला हे कार्ड फार फायद्याचे होते, कमी खर्चाच्या घराला जवळपास निरुपयोगी. 2011 मध्ये कंपनीने नव्या ग्राहकांसाठी याचे दोन तुकडे केले. ब्लू कॅश एव्हरीडे फुकट होते आणि सुपरमार्केटमधील किराण्यावर 3 टक्के देई. ब्लू कॅश प्रिफर्ड 6 टक्के देई, पण 75 डॉलर फी घेई. ती पुढे 95 झाली. किराण्यावरील वाढीव दराला दोन्ही कार्डांवर वर्षाला 6,000 डॉलरची मर्यादा आली. त्यापुढे 1 टक्का.

दोन दरांतला फरक 3 टक्के, फी 95 डॉलर. म्हणजे वर्षाचा किराणा सुमारे 3,167 डॉलर, आठवड्याला साधारण 61 डॉलर होईपर्यंत वरच्या कार्डाचा सगळा जादा परतावा फी भरण्यातच जातो. मर्यादेपर्यंत, म्हणजे पूर्ण 6,000 डॉलरचा किराणा भरला तर प्रिफर्डवर 360 डॉलर मिळतात, फी वजा जाता 265. एव्हरीडेवर 180. निव्वळ फायदा 85 डॉलर, आणि किराण्यापुरता तो याहून वाढू शकत नाही. सहा टक्के हा आकडा तीन टक्क्यांच्या दुप्पट दिसतो, पण हाती पडणारी रक्कम दुप्पट कधीच होत नाही. इतर गटांतल्या वाढीव दरांनी त्यात काही भर पडते. पेट्रोल, प्रवास, घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या सेवांचे शुल्क यांचा खर्च मोठा असेल तर पारडे झुकते. नाहीतर नाही.

कॅपिटल वनच्या सेव्हर कार्डांत हे गणित आणखी कडक होते. 2018 मध्ये बाहेरच्या जेवणावर 4 टक्के देणारे सेव्हर 95 डॉलर फीचे होते आणि 3 टक्के देणारे सेव्हरवन बिनफीचे. फरक फक्त एका टक्क्याचा, म्हणून फी भरून निघायला वर्षाला 9,500 डॉलर हॉटेलांत घालवावे लागत. पुढे बँकेने 4 टक्क्यांचे कार्ड नव्या ग्राहकांसाठी बंद केले आणि बिनफीच्या कार्डालाच सेव्हर हे नाव दिले. अशा नामांतरांमुळे जुनी तुलना वाचून निर्णय घेणाऱ्याची फसगत होऊ शकते. नावाऐवजी दर, मर्यादा आणि फी पाहूनच तुलना करावी लागते.

दुसरी रीत फिरत्या गटांची. चेस बँकेच्या 2006 मध्ये आलेल्या फ्रीडम कार्डावर पुढे दर तिमाहीला ठरावीक प्रकारच्या दुकानांत 5 टक्के मिळू लागले, तिमाहीला 1,500 डॉलरपर्यंत. 2016 मध्ये त्याच घरातले फ्रीडम अनलिमिटेड आले आणि ते सरसकट दीड टक्का देई. एखाद्याने चारही तिमाह्यांत मर्यादा भरली तर पहिल्या कार्डावर 300 डॉलर, तेवढ्याच खर्चावर दुसऱ्यावर 90. पण मर्यादा भरण्यासाठी एकेका तिमाहीत पेट्रोल, कधी किराणा, कधी एखादे ठरावीक ऑनलाइन दुकान यांवर दरमहा 500 डॉलर खर्च व्हावे लागतात, आणि प्रत्येक तिमाहीला योजना चालू करावी लागते. विसरले की 1 टक्का. 2014 मध्ये सिटीबँकेने डबल कॅश कार्डावर खरेदीला 1 आणि बिल फेडताना 1 असे मिळून 2 टक्के देऊ केले, तेव्हा सरसकट दराची नवी पातळी ठरली. लक्ष ठेवण्याची सवय नसलेल्या घराला सरसकट दरच बरा.

तुलनेत सर्वाधिक चुका होतात त्या दुकानाच्या वर्गीकरणात. कार्डाच्या यंत्राला काय विकत घेतले ते कळत नाही. दुकानाला दिलेला चार अंकी कोड तेवढा कळतो. वॉलमार्टसारख्या महादुकानातून किंवा घाऊक क्लबमधून तांदूळ-डाळ घेतली तरी ती खरेदी अमेरिकन एक्स्प्रेसच्या सुपरमार्केट गटात धरली जात नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबाचा भारतीय किराणा या गटात बसतो की नाही, हेही दुकानाच्या मालाने नव्हे, त्याच्या कोडने ठरते. शिवाय ब्लू कॅश कार्डांवर परदेशातील व्यवहाराला 2.7 टक्के आकार पडतो. पुण्यातल्या सुट्टीत ते वापरले तर 1 टक्का मिळवण्यासाठी जवळपास तिप्पट द्यावे लागते. कॅपिटल वन असा आकार घेत नाही.

अपग्रेडची सर्वांत मोठी किंमत बिलावर दिसत नाही. नव्या अर्जाने कार्ड घेणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत ठरावीक खर्च केल्यावर स्वागत बोनस मिळतो, कॅशबॅक कार्डांवर अनेकदा 200 डॉलर किंवा जास्त. अपग्रेड करणाऱ्याला तो सहसा मिळत नाही. 2014 पासून अमेरिकन एक्स्प्रेसने एका कार्डावरचा बोनस एका ग्राहकाला आयुष्यात एकदाच, असा नियम लावला. आधी अपग्रेडने ते कार्ड घेतलेला माणूस पुढे त्या बोनसला मुकण्याचा संभव असतो. वर्षाला 85 डॉलर फायद्यासाठी 200 डॉलर सोडणे म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाची कमाई आधीच देऊन टाकणे. कधीकधी कंपनी स्वतःहून अपग्रेड बोनस देऊ करते. तो असेल तेव्हाच हा मार्ग अर्जाच्या बरोबरीला येतो. पत नाजूक असलेल्याला, घरकर्जाचा अर्ज तोंडावर असलेल्याला किंवा बोनससाठी अपात्र ठरलेल्याला मात्र अपग्रेड हाच शहाणा रस्ता.

डाउनग्रेडचा उपयोग याहून जास्त खात्रीचा आहे. फी परवडेनाशी झाली तर कार्ड बंद करण्याऐवजी बिनफीच्या भावंडावर उतरता येते. बंद केलेल्या खात्याचे वय गुणांकात बरीच वर्षे धरले जाते, म्हणून वयाची भीती थोडी अतिरंजित आहे. पण बंद केल्याबरोबर त्या कार्डाची मर्यादा नाहीशी होते आणि वापरलेल्या उधारीचे प्रमाण लगेच वाढते. बिनफीच्या कार्डावर मर्यादा शाबूत राहते.

2009 च्या कार्ड कायद्याने या व्यवहाराला आणखी एक चौकट दिली. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी 22 मे 2009 रोजी सही केलेल्या या कायद्याने खाते उघडल्यापासून पहिल्या वर्षात फी वाढवायला मनाई केली आणि महत्त्वाच्या बदलांची 45 दिवस आधी सूचना सक्तीची केली. त्यामुळे बिनफीच्या कार्डावरून फीच्या कार्डावर जायला बँका बहुधा पहिले वर्ष पूर्ण होऊ देतात. 1970 च्या बदली कार्डाच्या अपवादाचा आवाका 20 जून 2016 रोजी दिसला. कॉस्टकोने अमेरिकन एक्स्प्रेसशी करार संपवल्यावर त्यांच्या संयुक्त कॅशबॅक कार्डाची खाती सिटीबँकेकडे गेली आणि अर्ज न करता ग्राहकांच्या हाती व्हिसा कार्ड आले.

हा सगळा परतावा कोण भरतो? दुकानदाराच्या रकमेतून कापल्या जाणाऱ्या इंटरचेंज शुल्कातून तो मुख्यतः येतो. अमेरिकेत हे शुल्क बहुतेक रिवॉर्ड कार्डांवर 2 टक्क्यांच्या आसपास असते. युरोपीय संघाने 2015 मध्ये क्रेडिट कार्डांसाठी ते 0.3 टक्क्यांवर बांधले, म्हणून तिथे अमेरिकेसारखे कॅशबॅक पोसता येत नाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये हिशेब मांडला: दुकानातील दर सर्वांना सारखेच असल्याने रोखीने खरेदी करणारे सरासरी कुटुंब वर्षाला 149 डॉलर कार्डवाल्यांकडे वळवते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला 1,133 डॉलरचा लाभ होतो. गरिबाच्या पिशवीतून श्रीमंताच्या बिलात पैसा जाणे ही या पद्धतीची खरी उणीव आहे, आणि कोणत्याही अपग्रेडने ती भरून निघत नाही. थकबाकी ठेवणाऱ्याची स्थितीही तशीच: वीस टक्क्यांहून अधिक व्याज भरणाऱ्याने 2 आणि 3 टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आधी कर्ज फेडावे.

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने मुंबईहून 1980 मध्ये पहिले क्रेडिट कार्ड आणले. कॅशबॅक कार्डांची स्पर्धा खूप नंतर रंगली. 2022 मध्ये एसबीआय कार्डने ऑनलाइन खरेदीवर 5 टक्के आणि दुकानांतील खरेदीवर 1 टक्का देणारे कार्ड काढले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने अपग्रेडबाबत अमेरिकी कायद्याहून कडक नियम केला. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड अपग्रेड करून त्याचे पैसे लावले, तर बँकेने ती रक्कम ताबडतोब परत करून शिवाय तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला दिला पाहिजे.